बंद मशिनांचे फोटो

"साहेब, ही बँक नक्की कोणाची?"

हे भर काउंटरवर विचारायची पैज वर्गातल्या दोघींनी लावली होती. आता त्याच बाहेर काचेला नाक लावून उभ्या होत्या. मागच्या वर्षी मी घामानेच विरघळले असते. पण वादविवादात पहिली आल्यापासून माझ्या तोंडाला झाकण राहिलेलं नाही, असं आई म्हणते.

साहेब हसले. "भागधारकांची. का गं?"

"आधी बाबाही भागधारक होते. आमची सगळी गल्लीच होती."

गल्लीतल्या दुकानदारांनीच काढलेली बँक ती. जुने मॅनेजर, आमचे चष्मेकाका, कर्ज देण्याआधी दर वर्षी कारखान्यात येत. कारखाना म्हणजे सहा मशिनं. आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. ते आले की बाबा मशिनं थांबवत, कारागिरांना चहाला पाठवत, म्हणजे बोलणं नीट ऐकू येई. काका कापड चिमटीत धरून म्हणत, "यंदा माल बरा आणलायस." झालं, कर्ज मंजूर.

मग एका बड्या बँकेने आमची ही बँक विकत घेतली. परवा हे नवे साहेब पाहणीला आले, तेव्हा बाबांनी सवयीने मशिनं थांबवली, कारागिरांना बाहेर धाडलं. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढले आणि चहा न घेताच गेले. निरोप आला: व्यवसाय बंद आढळला, कर्ज नामंजूर.

"मशिनं तुमच्या मानासाठी बंद केली होती," मी काउंटरवर म्हणाले. "आत्ता चला, चालू दाखवते."

साहेबांचं हसू मावळलं. "कळतंय गं मला. पण निर्णय मुख्य कार्यालयात होतो. तिथे मलाच कोणी ओळखत नाही, तुझ्या बाबांना कोण ओळखणार? सहा महिन्यांनी परत अर्ज करा."

"नवं शालेय वर्ष त्याआधीच सुरू होईल. कापडच नाही तर शिवायचं काय?"

त्यांनी मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं. काचेपलीकडे मैत्रिणींनी अंगठे वर केले. पैज मी जिंकले होते.

घरी बाबा बटणांची काजं करायचं मशीन पुसत होते, एखाद्या आजाऱ्याचं अंग पुसावं तसं. उद्या ते विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं.

"बड्या कारखान्याचं मजुरीचं काम घ्या की," आई म्हणाली. "कापड त्यांचं, शिलाई आपली."

"दुसऱ्याच्या हाताखाली नाही शिवणार मी."

"मग पोरीने तरी शिकावं. बँकेत लागावं."

"बँकेत मी लागणार नाही," मी दप्तर खाली ठेवत म्हणाले. "आणि बाबा, मशीन विकायचं नाही. मजुरीचं काम उद्या मी मागून आणणार, आणि शाळा सुटली की या मशीनवर मीच बसणार. ठरलंय माझं."