काळीचं बाळंतपण

औषधांच्या दुकानात अठरा वर्षं काढली की माणसाला प्रत्येक गोष्टीवर तारीख हवीशी वाटते. धाकट्या जावेचं तसंच झालं होतं. दीड महिन्याची चार बुटक्या जातीची पिल्लं घरी आली, त्याच दिवशी तिने एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून टाकलं : कोंबडा आरवणार, पाचवा महिना. अंडी, सहावा महिना संपताना. पिल्लं, त्याच्याही पुढे.

"आणि त्यांना वाचता येत नसेल तर?" थोरलीने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

थोरलीचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. दुकानाचं मागचं दार अंगणात उघडायचं आणि अंगणात खुराडं. धाकटीचं दुकान कोपऱ्यावर. दोघींचे नवरे सख्खे भाऊ होते, पण घरात काय पाळायचं आणि काय नाही हे त्यांना विचारण्याची पद्धत केव्हाच मागे पडली होती.

पिल्लांत एक कोंबडा निघाला आणि तीन तलंगा, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या कोवळ्या कोंबड्या. कोंबड्याची चाल पाहून थोरलीने त्याचं नाव ठेवलं साहेब. तलंगांची नावं काळी, तांबडी आणि ठिपकी. साहेब उभा राहिला तरी धाकटीच्या गुडघ्याला लागत नव्हता, पण रुबाब असा की शेजारची मांजर वाट बदलून जायची.

साहेबाने पहिली गडबड चौथ्या महिन्यातच केली. एका सकाळी खुराड्यातून गंजलेलं फाटक ढकलल्यासारखा आवाज आला. धाकटी हातातला ब्रश घेऊन तशीच धावली. "घसा धरलाय त्याचा! औषध द्यायला हवं."

"अगं, आवाज फुटतोय त्याचा," थोरली म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचा फुटला तेव्हा दिलं होतं का कुणी औषध?"

पाचव्या महिन्यात साहेबाचा तुरा लालभडक झाला. एक पंख जमिनीला घासत तो तलंगांभोवती गिरक्या घेऊ लागला, आणि लवकरच त्यांच्या पाठीवर चढूही लागला. "हे नुसतं सोंग आहे," धाकटीने जाहीर केलं. "अजून कोवळा आहे तो. याच्या भरवशावर पिल्लं निघायची नाहीत."

सहावा महिना संपला. धाकटी रोज दुकान उघडण्याआधी खुराड्यात हात घालून चाचपायची आणि रिकाम्या हाताने उठायची. वर पंधरा दिवस गेले, तरी काही नाही.

मग एके दिवशी, अंगणात मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांतून काळीच दिसेनाशी झाली.

अंगण, गल्ली, शेजाऱ्यांचं कुंपण सगळं पालथं घालून झालं. थोरलीने अंगणाच्या फाटकाच्या कडीकडे पाहिलं. "सकाळी शेवटी कोण गेलं होतं इथून?" एवढंच म्हणाली. पण ते धाकटीला फार लागलं. कडी लावल्याचं तिला आठवत होतं, आणि जितकं आठवावं तितकं ते पुसट होत होतं. दोन दिवस तिचं दुकानात चित्त नव्हतं. एका गिऱ्हाइकाला तिने खोकल्याऐवजी पायदुखीची बाटली काढून दिली. नशीब, त्यानेच ती परत केली. जावाजावांत बोलणं उरलं ते मिठाचा डबा सरकवण्यापुरतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी थोरलीची किंकाळी ऐकू आली. जेवायला घरी आलेली धाकटी आत धावली. शिवणयंत्राखाली चिंध्यांचं मोठं खोकं होतं. अस्तराचा तुकडा शोधायला थोरलीने त्यात हात घातला होता आणि आता बोट तोंडात धरून उभी होती. खोक्यात काळी अंग फुगवून, डोळे वटारून बसली होती. मागच्या दाराने आत येऊन बाईने तिथेच संसार थाटला होता. धाकटीने तिला जरा उचललं. खाली लहानशी, दुधाळ रंगाची आठ अंडी.

"म्हणजे पंधरा दिवस, दिवसाआड एक-एक घालून जात होती," धाकटी हळूच म्हणाली. "तुमच्या पायाशी."

थोरलीने बोट निरखून पाहिलं. "कडीचं मी असंच विचारलं होतं गं," ती म्हणाली.

"हो, कळलं ना."

काळी अंडी उबवायला खुडूक बसली होती, तेव्हा तिला हलवायचं नाही असं ठरलं. धाकटीने मात्र बजावलं, "कोंबडा कोवळा आहे. बसेल बिचारी तीन आठवडे आणि रिकामी उठेल." आठव्या दिवशी थोरली कपडे द्यायला बाहेर गेली, तेव्हा धाकटीने एक अंडं अंधाऱ्या कोठीत नेऊन त्यामागे टॉर्च धरला. आत लाल बारीक रेषांचं जाळं होतं आणि मधे एक काळा ठिपका हलत होता. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग अंडं गुपचूप जागेवर ठेवून आली.

"पाहिलंस काही?" संध्याकाळी थोरलीने विचारलं.

"काय पाहायचंय?"

"नाही, दिवसातून तीनदा तिचं पाणी बदलतेस म्हणून विचारलं. आणि मला यंत्र हळू चालवायला सांगतेस."

धाकटीला हसू आवरेना. "आठात एक तरी लागलंय," तिने कबूल केलं. "साहेबाला मी जरा कमी लेखलं."

एकच काय, पाच लागली होती. विसाव्या दिवशी सकाळी काळीच्या पोटाखालून चिवचिव ऐकू आली आणि दुपारपर्यंत पाच ओली, बोटाएवढी पिल्लं बाहेर आली. उरलेली तीन अंडी धाकटीने दोन दिवस वाट पाहून उचलली.

पिल्लं निघाली नेमक्या त्याच दुपारी गल्लीचा पोस्टमन आला. आखूड करायला दिलेली पँट त्याला न्यायची होती, पण तिला लावायची पट्टी, बटणं, सगळं त्याच खोक्यात अडकलं होतं. थोरलीने हात पुढे केला की काळी पिसं फुलवून अंगावर यायची.

"आज नाही मिळायची," थोरली म्हणाली. "घरात बाळंतीण आहे."

पोस्टमनने वाकून खोक्यात पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि जमिनीवर बसकण मारली. धाकटी त्याच्या शेजारी बसून कुठलं पिल्लू आधी निघालं ते त्याला सांगू लागली. त्या दिवशी गल्लीतली पत्रं बरीच उशिरा पोचली.