मी शंभर ठिगळांची वाकळ

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ. तुमच्या पुस्तकात मला गोधडी म्हणत असतील, पण आमच्या सांगली-साताऱ्याकडं मी वाकळच. वय मात्र विचारू नका. जितक्या वेळा धुतात तितकी मी तरणी होते, असा माझा हिशेब हाय.

मला आष्ट्याच्या मंगलनं शिवली. सासूची दोन लुगडी, सासऱ्याचं धोतर, नवऱ्याचा विरलेला सदरा आन् भावकीतल्या लग्नात उरलेलं मांडवाचं कापड, सगळं माझ्या अंगावर हाय. मंगलला तवा फकस्त बोटांवर मोजता यायचं. म्हणून तिनं आडवी धा ठिगळं लावली, उभी धा लावली आन् बोटं संपली तशी थांबली. आणखी बोटं असती तर माझं एक टोक आष्ट्यात आन् दुसरं मिरजेत असतं.

कामाला मी कधी कुचराई केली न्हाई. ऊब तर अशी की विचारू नका. एकदा दसऱ्याच्या धुण्याला मला कृष्णेवर नेली. मी पाणी प्याले तशी नदी दोन बोटं खाली गेली. वाळत घातल्यावर वावटळ आली आन् मला उचलून थेट जतला नेऊन एका मेंढरांच्या कळपावर टाकलं. मेंढरांना एवढं ऊबदार वाटलं की त्यांनी त्या साली लोकरच धरली न्हाई. खोटं वाटत असेल तर मेंढरांना विचारा.

पुढं मंगलचा ल्योक कुपवाडच्या कारखान्यात लागला. सगळं बिऱ्हाड तिकडं गेलं, मी बी गेले. तिथं दुकानातनं गुळगुळीत, वाघाची चित्रं असलेली ब्लँकेटं आली आन् माझी किंमत उतरली. आधी मला कॉटखाली कोंबली. मग मोटारसायकलीवर पांघरली. उन्हातान्हात गाडी झाकत बसले. कुणाला सांगणार?

मला परत घरात आणली ती मंगलच्या सुनेनं. स्वप्नाली तिचं नाव. तिनं घराच्या पुढच्या खोलीत बायकांचा संध्याकाळचा वर्ग सुरू केला. शिकणाऱ्या सगळ्या संसारी बायका. कोण कारखान्यात पॅकिंगला, कोण घरी शिवणकाम करणारी. बसायला चटई पुरेना, म्हणून मला अंथरली.

विषय काय, तर टक्केवारी. टक्का टीव्हीवर असतो, पगारवाढीत असतो, दुकानाच्या बोर्डावर असतो, पण त्याला कुणी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. स्वप्नाली फळ्यावर आडव्या रेघा मारून वर एक आकडा, खाली एक आकडा लिहायची आन् बायका जांभया द्यायच्या.

अंजना म्हणून एक पॅकिंगवाली व्हती. तिच्या तोंडाला कुलूप न्हाई. ती म्हणाली, "बाई, हा वरचा आकडा खालच्याच्या डोक्यावर का बसलाय? सासू हाय का ती?"

मंगल तिथंच शेंगा सोलत बसलेली. ती म्हणाली, "सासवांवर जाऊ नगंस हां अंजना. शेंगा मिळायच्या न्हाईत."

सगळ्या हसल्या. स्वप्नाली खडू टाकून खाली बसली आन् तिची नजर माझ्यावर गेली. आडवी धा. उभी धा. तिनं बायकांना उठवलं. सगळ्यांनी मला मोजलं. मोटारसायकलीवरनं उतरल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं बघितलं, मित्रांनो.

"समजा," स्वप्नाली म्हणाली, "महिन्याला घरात येतो तो सगळा पैका म्हंजे ही वाकळ. हिचं एक ठिगळ म्हंजे एक टक्का. आता आमच्या आत्तींचे, म्हंजे सासूबाईंचे, शेंगदाणे घ्या आन् खर्च मांडा. अंजनाताई, तुमी या."

अंजनानं मांडलं. बाजार-रेशनला चाळीस ठिगळं. भाड्याला वीस. पोरांच्या शाळेला पंधरा. लाईट आन् गॅसला धा. शिल्लक टाकायची म्हणून पाच, आन् त्या पाचावरचे दाणे तिनं तिथल्या तिथं खाल्ले. राहिलेल्या धा ठिगळांकडं बघून तिचा हातच थांबला.

"आमच्या तानाजीरावांची तंबाखू आन् मोबाईल, आठ. माझ्या गुडघ्याचं औषध, दोन." ती नवऱ्याच्या आठ ठिगळांकडं बघत राहिली. "आज त्या माणसाला ह्या आठ ठिगळांतच झोपवते. पाय राहूद्यात बाहेर."

"पण माझा पगार हिच्यापेक्षा कमी हाय," दुसरी म्हणाली. "मग मला ठिगळं कमी का?"

"ठिगळं शंभरच," स्वप्नाली म्हणाली. "तुमची वाकळ लहान, म्हणून ठिगळ लहान. टक्का सांगताना कुणाच्या वाकळीचा, ते आधी बघायचं."

त्या दिवसापासनं मी अंथरूण न्हवते, मी फळा झाले. मला झटकायला बायका भांडायच्या.

त्या वर्गात आबेदा यायची. घरी शिलाई मशीन, हात असा की टाका शोधून सापडू नये. गावातल्या एका शाळेच्या बालवर्गाला शंभर सदरे पाहिजे व्हते. आधीच्या ठेकेदाराचे सदरे पहिल्याच धुण्यात आटले आन् पोरांची पोटं उघडी पडली. आबेदा शाळेत जाऊन म्हणाली, "मी कापड आधी धुवून आटवीन, मगच कापीन." शाळेच्या बाईंनी तिला काम दिलं, पण बजावलं, "पंधरा ऑगस्टला शंभरच्या शंभर पोरं नव्या सदऱ्यात उभी दिसली, तर पुढच्या वर्षी सगळ्या शाळेचं काम तुझं."

आबेदानं मनात दोन मशीनं घेऊन बी टाकली. एक सबाला, तिच्या लेकीला.

कापड विट्याच्या यंत्रमागावरनं आणायचं व्हतं. एका सदऱ्याला एक मीटर. तिनं नमुन्याचा एक मीटर आणून धुतला, वाळवला, मोजला. नव्वद सेंटीमीटर भरला. वर्गात सांगितलं, तशा सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "शंभराला धा!" धा टक्के आटतंय, धा टक्के जास्त आणायचं. एकशेधा मीटर. फळ्यावर लिहिलं, स्वप्नालीनं बी मान हलवली. आबेदाचा नवरा चांदसाहेब मोटारसायकलीवर कापडाचा ताका बांधून घेऊन आला. मागवाला म्हणाला व्हता, ह्या रंगाचं एवढंच, परत निघायचं न्हाई.

धुतलं. वाळवलं. मोजलं. नव्व्याण्णव.

परत मोजलं. नव्व्याण्णवच.

आबेदा ताका काखेत मारून वर्गात आली. मागनं चांदसाहेब. तिनं ताका माझ्यावर टाकला आन् भिंतीला टेकून बसली.

"कुणी चोरलं काय?" अंजनानं विचारलं.

"घरात ह्यांच्याशिवाय कोण हाय चोरायला," आबेदा म्हणाली.

चांदसाहेब हसत दारातच उभा राहिला. "मंगलमावशी, तुमीच सांगा हिला. शंभरात एक कमी. आमच्या कारखान्यात शंभरात दोन लोखंडी जॉब वाया गेले तर साहेब पेढे वाटतोय. एकच टक्का हाय. शाळेला सांगायचं, जमलं न्हाई म्हणून."

"आवं, तुमचा तो टक्का लोखंडाचा," आबेदा म्हणाली. "माझा एक टक्का म्हंजे एक पोरगं हाय. नव्व्याण्णव नवे घालून उभी आन् एक जुन्या सदऱ्यात. त्याला काय सांगू, तू टक्का हायस म्हणून?"

चांदसाहेब चप्पल काढून आत येऊन बसला.

स्वप्नालीनं ताका बाजूला केला. माझी एक ओळ दुमडली. धा ठिगळं आत गेली, नव्वद वर राहिली. "हे आटलेलं. आता ते भरून काढायला आपण धा नवीन आणली." तिनं माझ्या कडंला रुमालाच्या धा घड्या ठेवल्या.

अंजना बघत व्हती. ती एकदम म्हणाली, "थांबा की. ही नवीन धा बी कापडच हाय न्हवं? ती न्हाई व्हय आटणार? नवी सून आली म्हणून काय तिला भूक लागत न्हाई?"

स्वप्नालीनं एक घडी उचलली. नव्वद आन् नऊ, नव्व्याण्णव. "धा टक्के शंभराचे न्हाईत," ती सावकाश म्हणाली. "एकशेधाचे आटले. वाकळ मोठी झाली आन् आपण ठिगळ जुन्याच मापाचं धरलं. एकशेबारा आणायला पाहिजे व्हतं. मी बी मान हलवली, आबेदाताई. चुकलंच."

"चूक कळली, पण सदरा कुठनं आणू?" आबेदा म्हणाली.

मंगलनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "आबेदा, ताटं वाढून झाली आन् पाव्हणा दारात आला, तर तू काय करतीस?"

"काय करणार. एकेकाच्या ताटातनं चमचा-चमचा काढते."

"आन् ज्यांच्या ताटातनं काढतीस, ते उपाशी राहत्यात का?"

"त्यांना पत्ता बी लागत न्हाई."

हे बोलून आबेदानं ताक्याकडं बघितलं. स्वप्नालीनं बी बघितलं. मग दोघी एकदमच टेपवर झडप घालायला गेल्या.

एका मीटरात शंभर सेंटीमीटर. त्यातला एक टक्का, एक सेंटीमीटर. नव्व्याण्णव सदऱ्यांनी एकेक दिला, तर नव्व्याण्णव सेंटीमीटर. शंभराव्या पोराचा सदरा, अगदी दुसऱ्यांच्याच मापाचा.

"खालची दुमड मी तीनाची घालते," आबेदा म्हणाली. "दोनाची घातली तर कुणाच्या बापाला कळणार न्हाई." आन् नवऱ्याकडं वळली. "नुसतं बघताय काय? कापड धरा. तुमचा साहेब पेढे वाटतोय तवर आपण कापून टाकू."

माझ्यावरच कापड पसरलं. चांदसाहेबानं टोक ताणून धरलं, अंजनानं खडूनं खुणा केल्या, आन् खूण जरा हलली की आबेदा तिच्या हातावर चापट मारायची. शेवटी कात्री थांबली तवा ताक्यात सुताएवढी चिंधी बी उरली न्हाई. मी वाकळ, चिंध्यांवरच जगलेली, पण त्या दिवशी चिंधी न उरल्याचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा कधी झाला न्हाई.

पंधरा ऑगस्टला मी शाळेत न्हवते. वाकळीला झेंडावंदनाला कोण बोलवतंय? पण आबेदा तिथनं थेट वर्गात आली आन् माझ्यावर बसकण मारली.

"काय झालं गं?" मंगलनं विचारलं.

"फाटकापाशी उभी राहून सगळी रांग बघितली, मावशी. एक टोक ते दुसरं टोक. मीच शिवलेलं हाय, पण शंभरावा सदरा कुणाच्या अंगावर गेला ते मलाच वळखू येईना."

मंगलनं तिच्या ओंजळीत शेंगदाणे ओतले.

तर मित्रांनो, तुमच्या घरात बी एखादी म्हातारी वाकळ असंल. तिचं एखादं ठिगळ सुटलं तर शंभरातलं एकच हाय म्हणून तसंच ठेवू नका. सुई घ्या, आईला दोरा ओवून द्या आन् दोन टाके घाला. वाकळीला थंडी तिथनंच वाजती.