शेपटीतला माणूस

पुण्याहून आलेला मेल तीन ओळींचा होता. भंडाऱ्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात मशीनमधून कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर निघत होता, तेव्हा रंजूने तो वाचला. चित्रं देखणी आहेत, पण विमानं खरी वाटत नाहीत. एखाद्या जाणकाराला दाखवून दुरुस्त करा आणि पाचही चित्रं शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवा. त्यानंतर विचार करता येणार नाही.

तो सोमवार होता.

रंजू दिघोरे सत्तावीस वर्षांची. घर कारध्याला, वैनगंगेच्या काठी. वडील फकिरा नदीत जाळं टाकत. रंजू रोज सकाळी पूल ओलांडून भंडाऱ्याला येई आणि दिवसभर बॅनर बनवी. लग्नाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे. दुकान उघडायच्या आधीचे दोन तास मात्र तिचे होते. मालक मनिषभाऊंनी तिला एक किल्ली देऊन ठेवली होती. त्या दोन तासांत ती दुकानाच्या कंप्युटरवर विमानं काढी.

ती विमानं कधीच झाली नव्हती. रंजूने एक युद्ध कल्पलं होतं. दुसरं महायुद्ध पंचेचाळीस साली संपलंच नाही, आणखी आठ वर्षं चाललं, मुंबई-कलकत्त्याची बंदरं बंद पडली आणि विमानं देशाच्या मधोमध, वैनगंगेच्या पात्रात आणि भंडाऱ्याच्या तलावांत उतरू लागली. पंख फाटले की ते इथल्याच कोशाच्या रेशमी कापडाने शिवायचे, मोडलेला भाग इथल्याच सागवानाने जोडायचा. पुण्यातली एक कंपनी अशाच एका युद्धावर गेम बनवत होती आणि त्यांना चित्रकार हवा होता. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नेमकं तेच मागत होतं, जे रंजू कोणी न मागता काढत आली होती.

आणि मनिषभाऊंनी दुकान विकलं होतं. रविवारी मशीन, कंप्युटर, चित्रं काढायची पाटी, सगळं नागपूरला जाणार होतं. रंजूच्या घरी कंप्युटर नव्हता. शनिवारनंतर ती विमान काढणार तरी कशावर, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

जाणकार माणूस कुठून आणायचा? विमानांच्या चित्रांवर जगभरचे लोक मतं देतात अशी एक जागा इंटरनेटवर होती. रंजू दोन वर्षं तिथलं नुसतं वाचत होती. सोमवारी दुपारी तिने धीर करून पाचही चित्रं तिथे टाकली आणि मोडक्या इंग्रजीत लिहिलं, कृपया चुका सांगा, माझ्याकडे पाच दिवस आहेत.

संध्याकाळपर्यंत पसंतीचे दोन अंगठे आले. मंगळवारी सकाळी एक लांब उत्तर आलं. लिहिणाऱ्याने तिसऱ्या चित्रातल्या इंजिनांच्या दोन पंख्यांभोवती लाल वर्तुळं काढली होती. हे पंखे फिरू लागले तर एकमेकांवर आपटतील, त्याने लिहिलं होतं. विमानावर प्रेम करणारा माणूस अशी चूक करत नाही, यंत्र करतं. ही चित्रं कोणी काढलेली नाहीत, एआयकडून बनवून घेतली आहेत.

रंजूने वर्तुळं पाहिली. चूक खरी होती आणि तिचीच होती. चार महिने रोज पाहूनही तिला ती दिसली नव्हती. ती उत्तर लिहायला बसली. शब्द जुळवीपर्यंत खाली आणखी सात जणांनी तेच म्हटलं आणि दुपारी ती जागा सांभाळणाऱ्याने चर्चाच बंद केली. उत्तर लिहायची चौकट दिसेनाशी झाली. तिने दोनदा पान पुन्हा उघडलं. मग समोरच्या गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोटो कापून बॅनरवर बसवला, नाव विचारलं, नाव चुकीचं टाकलं, पुन्हा टाकलं.

तेव्हाच तिला शहापूरच्या बॅनरची आठवण झाली. सव्वीस जानेवारीला गावाने माजी सैनिकांचा सत्कार केला होता. अकरा फोटोंच्या रांगेत शेवटचा एक होता : यादोराव बांते, निवृत्त वॉरंट ऑफिसर, भारतीय वायुसेना. फोटोतल्या म्हाताऱ्याने डोळे मिटले होते, म्हणून रंजूने दुसरा फोटो मागवला होता. दुसऱ्यातही ते मिटलेलेच होते.

बुधवारी ती चित्रं कागदावर छापून शहापूरला गेली. यादोरावांची सून वच्छला तिला अंगणात घेऊन गेली. यादोराव सुपात लाखोरीची डाळ निवडत बसले होते. शहात्तर वर्षांचे, अंगाने काटक. विमानाचा सांगाडा, दारं, पंख बघणारे फिटर म्हणून त्यांची नोकरी गेली होती. रंजूने सगळं सांगितलं. युद्धातली विमानं हे शब्द आले तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि ते म्हणाले की आपण विमानं पाहत नाही, तिने चहा घ्यावा आणि जावं.

वच्छलाने दारापर्यंत येऊन हळूच सांगितलं की मामाजी टीव्हीवर विमान दिसलं तरी उठून जातात, राग मानू नको.

रंजू हायवेपर्यंत चालत आली. भंडाऱ्याची एक बस आली, थांबली, गेली. दुसरीही गेली. दुकानात जाऊन करायचं काय, हा प्रश्न तिला बसमध्ये चढू देत नव्हता. तासाभराने ती पुन्हा त्याच अंगणात उभी होती.

"काकाजी, चांगलं म्हनू नका. हे मीच काढले, हेही मानू नका. फक्त चुका सांगा. मले चुका सांगनारा कोनी भेटून नाई राहिला."

यादोरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग हात पुढे केला.

पहिलं चित्र त्यांनी मिनिटभरात परत दिलं. चाकं इतकी मागे आहेत की विमान उभं केलं की नाकावर पडेल. दुसऱ्याच्या पंखात पेट्रोलला जागाच नाही. चौथ्याचा वैमानिक उतरताना खालची जमीन पाहू शकणार नाही. पाचवं नुसतं शोभेचं, त्याविषयी बोलण्यासारखं काही नाही. रंजू खाली बसून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घेत होती. चार चित्रं, दीड वर्षाचं काम, चहा निवायच्या आत संपलं. पण तीन दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं, कारण हा माणूस विमानाबद्दल बोलत होता.

तिसरं चित्र त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं. पाण्यावर उतरणारं मोठं विमान, पोट नावेसारखं, पंखांवर चार इंजिनं, शेपटीच्या टोकाला काचेचा घुमट आणि त्यात बंदूक घेऊन बसलेला माणूस. पंख्यांची चूक त्यांनी लगेच दाखवली. मग बोट शेपटीवर ठेवलं.

"हा आत कुठून जाते?"

रंजूने सांगितलं की पुढच्या दारातून आत येतो आणि पोटातल्या अरुंद बोळीतून सरपटत मागे जातो.

"आन् मधात आग लागली त? हा बाहेर कुठून निंगते?"

तिथे दार काढायचं रंजूच्या मनातच आलं नव्हतं. घुमट गोल, सलग, चकचकीत दिसावा म्हणून तिने तीन आठवडे घालवले होते.

यादोराव मग सांगू लागले, तिच्याकडे न बघता, चित्राकडे बघत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक विमान धावपट्टीवर उतरताना आडवं गेलं आणि पेटलं. वैमानिक जिवंत होता. डोक्यावरचं काचेचं झाकण सरकेना. ते आणि आणखी दोन फिटर वर चढले होते, हातात हत्यारं होती. झाकणाची पट्टी वाकून अडकली होती. आदल्या दिवशी ती पट्टी यादोरावांनीच बसवली होती. चौकशी झाली, चूक त्यांची नाही असं लिहून आलं.

"तो आतून आमच्याकडं पाहे," ते म्हणाले. "आमी बाहेरून पाहो. मंग आमाले वढून खाली आनलं."

वच्छला दारात उभी होती. तिच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हे तिने आजच ऐकलं होतं.

यादोरावांनी चित्र रंजूच्या हातात दिलं. "तुह्या इमानात मानूस बसते हे तू इसरली, पोरी. म्हनून ते खरं नाई वाटत. आधी दार काढ."

गुरुवारी रंजू दुकानात बसली आणि दुपारपर्यंत तिने एक रेघही ओढली नाही. शेपटीत दार काढायचं म्हणजे शेपटी रुंद करायची. ती रुंद केली की तोल मागे जातो, मग पंख सरकवावे लागतात, पंख सरकले की इंजिनं. दाराच्या एका प्रश्नाने अख्खं विमान मोडत होतं. आणि मेलमध्ये पाच मागितली होती. वरवरची डागडुजी करून पाचही पाठवावीत, की एक-दोनच मुळापासून नवी काढावीत? वरवरची केली तर पुण्याचे लोक ओळखतील. कमी पाठवली तर उघडूनही बघणार नाहीत. दुकानात नागपूरची दोन माणसं मोठ्या मशीनचे नटबोल्ट सोडवत होती आणि ती हात मांडीवर ठेवून बसली होती. शेवटी तिने पाचही जुनी चित्रं एका बाजूला टाकली आणि कोरं पान उघडलं.

शुक्रवारी दहा वाजता यादोराव स्वतःच दुकानात आले. वच्छलाने पत्ता विचारून त्यांना बसमध्ये बसवून दिलं होतं. ते प्लास्टिकच्या स्टुलावर रंजूच्या शेजारी बसले, चष्मा पुसला आणि पडद्यावर विमान बघत राहिले. मध्येमध्ये ते उठून दाराबाहेर जात, रस्त्याकडे तोंड करून उभे राहत आणि परत येत. तोवर रंजू पुढची रेघ ओढून ठेवी.

इंजिन उघडायला माणूस कुठे उभा राहील, ते विचारत. पाण्यावर शिडी कशी लावाल? मग पंखाच्याच पुढच्या कडेतून एक फळी बाहेर उघडते असं त्यांचं ठरलं. विमान पाण्यातून सुटतं तेव्हा तुषार कुठवर उडतील, यावर मात्र यादोराव अडले.

"पान्याचं मले नाई मालूम," ते म्हणाले. "मी जमिनीवरचा."

ते रंजूला माहीत होतं. लहानपणापासून ती बापाच्या मासेमारीच्या डोंग्यात बसली होती. नाकाशी पाणी कसं फाटतं, वेग वाढला की फवारा मागे कुठे पडतो, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. तिने इंजिनं दीड हात वर उचलली आणि पोटाच्या कडेला पाणी खाली दाबणारी एक पट्टी ओढली. यादोरावांनी मान हलवली.

शनिवारी दोन विमानं झाली होती. तिसऱ्याची नुसती रूपरेषा. तीन वाजता वीज गेली, साडेचारला आली. पावणेसहाला रंजूने दोन चित्रं पाठवली आणि खाली लिहिलं की वेळेत दोनच खरी होऊ शकली. सहा वाजता मनिषभाऊंनी कंप्युटरच्या वायरी काढल्या. काढताना ते सॉरी म्हणाले.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. पाच मागितली असताना दोनच आल्याने अर्ज पुढे नेता आला नाही. पाण्यावरच्या विमानाचं काम उत्तम आहे, विशेषतः शेपटीचं दार आणि दुरुस्तीची फळी. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

रंजू घाटावर बसून फोनवर ते वाचत होती. बाजूला फकिरा जाळ्याची भोकं शिवत होता.

"झालं का?" त्याने विचारलं.

"नाई झालं."

"काहून?"

"पाच पायजे होते. माह्याकून दोनच झाले."

फकिराने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. काही बोलावं असं त्याला वाटत असावं, पण विमानांबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. तो तिच्याशेजारी बसून राहिला. ती रडत होती तोवर त्याने सुई उचलली नाही.

त्यानंतर रंजूने काहीच काढलं नाही. कामासाठी भंडाऱ्यातली तिन्ही फ्लेक्सची दुकानं पालथी घातली, तिघांनीही सांगितलं की आता गिऱ्हाईक मोबाइलवरच बॅनर बनवून आणतं. महिनाअखेरीस तिला लाखनीला काम मिळालं, हायवेवर ट्रकच्या बॉड्या रंगवणाऱ्या एका गॅरेजात. ट्रकच्या मागे अक्षरं काढायची, कडेला वेलबुट्टी. रंगाच्या वासाने पहिले आठ दिवस तिचं डोकं दुखलं. उस्ताद तिच्या अक्षरांवर खूश होता.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने रंगाच्या डब्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन्सिलीने एक लहान विमान काढलं. चार माणसं बसतील एवढं, जखमींना नेणारं. दोन बाजूंना दोन दारं. चित्र वाईट झालं होतं, पुठ्ठा खरखरीत होता. तरी तिने फोटो काढून वच्छलाच्या फोनवर पाठवला, आणि पाठवल्यावर वाटलं, उगीच पाठवला.

संध्याकाळी वच्छलाचा रेकॉर्ड केलेला निरोप फोनवर आला. मागे कुठेतरी गाय हंबरत होती. मामाजींनी बराच वेळ पाहिलं, वच्छला सांगत होती. दारं बरोबर आहेत म्हणाले. पण शेतात उतरायचं असेल तर चाकं लहान झाली, चिखलात रुततील.

रंजूने ते दोनदा ऐकलं. मग तिने पुठ्ठा उलटा केला आणि मोठी चाकं काढायला घेतली.