कोरडी पत्ती

फुंकरमास्तर दातांच्या डॉक्टरला भितात, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. फुंकून वाजवायचं कुठलंही वाद्य बिघडलं की लोक ते मास्तरांकडे आणत. मास्तर ते खोलून दुरुस्त करत आणि स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय हातातून सोडत नसत. हिरड्यांतून मात्र वर्षानुवर्षं रक्त येत होतं. बायको म्हणायची, "अहो, एकदा दाखवून या." मास्तर म्हणायचे, "दात गेले की धंदा गेला. क्लॅरिनेट वरच्या दातांवरच तर टेकतं." एवढा मोठा बाप्या, पण दाताच्या दवाखान्याची पाटी दिसली की रस्ता बदलायचा.

लेक जन्मली तीच सूर लावून, म्हणून सगळे तिला पिपाणी म्हणत. ती क्लॅरिनेट वाजवू लागली, तेव्हापासून तिची पत्ती मास्तरच ओली करून देत. वाद्याच्या तोंडाशी बसणारी ती बोरूची पातळ पत्ती कोरडी राहिली तर सूर फाटतो. म्हणून लेकीची वाजवायची वेळ होईपर्यंत मास्तर ती जिभेखाली धरून ठेवत आणि ऐन वेळी काढून तिच्या हातात देत. पाण्यात भिजवलेली पत्ती परकी वाटते, असं त्यांचं ठाम मत. पिपाणी मोठी झाली, वाद्यवृंदात लागली, तरी बापाचा हा लाड काही सुटला नाही.

आता तीच पिपाणी इस्पितळात वाळून काडी होऊन पडली होती. मोठ्या आतड्याला सूज, शौचातून रक्त. एकामागून एक औषधं हरली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना खोलीबाहेर बोलावलं.

"चार दिवस चाललंय ते शेवटचं औषध. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर मोठं आतडं काढावं लागेल."

"पण हे झालं कशानं?"

"खात्रीनं नाही सांगता येत. तिच्या आतड्यात तोंडातले जंतू वस्तीला आलेले दिसलेत. थुंकीबरोबर ते आपण सगळेच गिळतो, पण एरवी खाली त्यांना थारा मिळत नाही. त्यांच्यामुळे सूज आली, की सूज होती म्हणून त्यांचं फावलं, याचा अजून शोध चालू आहे."

"तोंडातले म्हणजे कुणाच्या?"

"तिच्याच की."

"दुसऱ्याच्या तोंडातले जाऊ शकतात?"

"एका घरातल्या माणसांचे जंतू एकमेकांकडे जातातच. पण म्हणून कुणामुळे हे झालं, असं मी मुळीच म्हणणार नाही."

मास्तरांना जिभेखालची पत्ती आठवली. बाई 'हो' म्हणाल्या असत्या तर त्यांनी ऊर बडवून घेतला असता, 'नाही' म्हणाल्या असत्या तर ते शांत झोपले असते. पण हे 'सांगता येत नाही' त्यांना धड जगूही देईना आणि मरूही देईना.

दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, ते दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसले. "सगळे काढा," म्हणाले.

"पुढचे वरचे हलतायत, ते काढावेच लागतील. बाकीचे वाचतील."

"वाचवायचे नाहीत! माझ्या पोरीचं आतडं जातंय."

"आणि म्हणून तुमचे दात काढायचे? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!"

मास्तर भांडले, हात जोडले, रडलेसुद्धा. डॉक्टर बधला नाही. हलणारे तेवढेच काढले. एकेक दात ताटलीत पडताना मास्तर मनात म्हणत होते, माझं घ्या, तिचं ठेवा. कुणाला म्हणत होते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तोंडाला रुमाल लावून ते इस्पितळात आले, तर बायको दारातच बसलेली. "औषध लागू पडलं नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी ऑपरेशन." म्हणजे दात फुकटच गेले.

आत पिपाणी क्लॅरिनेट जोडून बसली होती.

"बाबा, पोट फाडल्यावर पुन्हा दम लावता येईल की नाही कुणास ठाऊक. आज एकदा वाजवते. दार लावून हळू वाजव म्हणाल्यात बाई. पत्ती ओली करून द्या ना, माझं तोंड पार सुकलंय."

मास्तरांनी पत्ती घेतली आणि ते नळाकडे वळले.

"पाण्यात? तुम्ही?"

मग त्यांनी रुमाल काढला. सुजलेल्या तोंडानं, अडखळत, सगळं सांगितलं: ते जंतू, त्या हिरड्या, ती जिभेखालची पत्ती.

पिपाणीनं त्यांच्या वरच्या दातांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "म्हणजे आता तुम्ही वाजवणार नाही?"

मास्तरांनी 'नाही' म्हणून मान हलवली.

"बाईंनाही ठाऊक नाही, आणि तुम्ही स्वतःला शिक्षा करून मोकळे! मला काय मिळालं त्यातनं?" ती रडू लागली. "मी भ्यायलेय हो, बाबा. मला तुमचे दात नको होते. तुम्ही नेहमीसारखे हवे होतात."

तिनं त्यांच्या हातातून पत्ती घेतली, त्यांच्यासारखीच जिभेखाली धरली आणि डोळे मिटून थांबली. थोड्या वेळानं बाहेर काढून बोटानं चाचपली.

"कोरडीच आहे," ती म्हणाली आणि तिनं ती पुन्हा त्यांच्यापुढे धरली. "द्या ना, बाबा."

मास्तरांचा हात काही पुढे झाला नाही.