जिराफकाकांचं तिसरं कडवं

मी कॅसेट बोलतेय. लहान मुलांच्या गाण्यांची, पिवळ्या रंगाची, पाठीवर जिराफाचं चित्र असलेली. या घटकेला माझे सगळे स्क्रू एका बशीत पडलेत, फीत तुटलीये, आणि मला इतका आनंद झालाय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये!

थांबा. पहिल्यापासूनच सांगते.

माझी गाणी एका बंद खोलीत जन्मली. भिंतींवर जाड ब्लँकेटं टांगलेली, खिडक्या घट्ट लावलेल्या, पंखाही बंद, कारण पंख्याची घरघर गाण्यात येते. एक गाणाऱ्या बाई, एक व्हायोलिनवाले काका आणि बाईंच्या शेजारची पाचसहा मुलं, सगळे घामाघूम. गाणं होतं सर्दी झालेल्या जिराफाचं. शेवटी मुलांनी एकदम शिंकायचं होतं. पण मुलांना शिंकेच्या आधीच हसू फुटायचं. बाई म्हणाल्या, "अरे, नुसतं आँक्छी म्हणायचंय, त्यात हसण्यासारखं काय आहे?" आणि तेवढ्यात व्हायोलिनवाल्या काकांना खरीखुरी शिंक आली. अशी दणदणीत, की मुलं लोळायलाच लागली. बाई म्हणाल्या, "राहू दे, हीच ठेवू!" ती शिंक आणि ते हसू मग माझ्यासारख्या कितीतरी कॅसेटींच्या पोटात भरलं गेलं.

दुकानातून मला बाबांनी घरी आणलं. बाबा म्हणजे सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणारे कारागीर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालायचं. एकीकडे कापसाचा ढीग, दुसरीकडे उघड्यानागड्या खुर्च्या, आणि फळीवर एक टेप. त्या टेपमध्ये माझं बस्तान बसलं.

बाबा फार कमी बोलायचे. काम करताना बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे. खिळे ओठांत असताना माणूस बोलणार काय! पण खिळे नसले तरी त्यांचं तेच. एक शब्द बोलायचे, मग विचार करायचे, मग दुसरा. आई हात कमरेवर ठेवून म्हणायची, "अहो, तोंडातले खिळे काढा आणि बोला!" बाबा नुसते हसायचे.

दोन मुलं होती. थोरली आणि धाकटा. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी माझ्याकडे धावायची. मी सुरू व्हायचे.

जिराफकाकांना सर्दी झाली,
मफलर पुरेना मानेला!
विणून विणून थकली काकू,
लोकर उरली नावाला!

मग दुसऱ्या कडव्यात ससा आपला रुमाल जोडून देतो, तरी मान उघडीच. मग तिसरं कडवं. आणि मग ती शिंक! दोघं शिंकेबरोबर कापसाच्या ढिगात उड्या मारायची. आई ओरडायची, बाबा हसायचे, कापूस घरभर.

त्याच कापसाने माझा घात केला. एके दिवशी त्याचा एक पुंजका टेपच्या चाकात जाऊन बसला. नेमकं तिसरं कडवं चालू होतं. कर्र्र असा आवाज झाला आणि माझी फीत आतल्या आत गुंडाळली गेली. बाबांनी हलक्या हाताने मला सोडवलं. फितीचा हातभर तुकडा पार चुरगळला होता.

दुसऱ्या कुणी ती फीत बोटांनी सरळ करून पाहिली असती. पण बाबा पडले कापडवाले! कापड खराब झालं की तेवढं कापायचं आणि जोड द्यायचा, हेच त्यांच्या हाताला ठाऊक. मोठी कात्री आली, कचकन चुरगळलेला भाग गेला, दोन्ही टोकं एकमेकांवर आली आणि वर चिकटपट्टी बसली. जोड इतका सुबक की माझी मलाच ऐट वाटली.

लावून पाहिलं. ससा रुमाल देतो, आणि लगेच, आँक्छी!

"तिसरं कडवं कुठं गेलं?" थोरलीने विचारलं.

बाबांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"अहो, ते गाणं होतं, चादर नव्हती!" आईने कपाळाला हात लावला.

(माझ्या दुसऱ्या बाजूच्या अंगाईचीही एक ओळ त्यात गेली. पण तिथवर कधी कुणी जागंच नसायचं, म्हणून ते अजून कुणाला कळलेलं नाही.)

कडवं कुणाला धड आठवेना. धाकट्याने रडायची तयारी केली. तेव्हा थोरलीने सशाच्या रुमालापाशी मला थांबवलं आणि म्हणाली, "आपणच करू की!" मग प्रत्येकाने जिराफकाकांना काहीतरी द्यायचं ठरलं. आईने जुनी चादर दिली. थोरली म्हणाली,

धाकट्याने दिला मोजा,
वास आला सगळ्याला!

धाकटा तिला मारायला धावला. मग सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी ओठांतले खिळे काढून तळहातावर ठेवले. विचार केला. बराच केला. मी थांबलेलीच होते. मुलंही श्वास रोखून थांबली. आणि हळूच बाबा म्हणाले,

बाबांनी दिलं सोफ्याचं कापड,
खिळे ठोकले कडेला!

काय हसली मुलं! थोरलीने बटण सोडलं, मी शिंकले, आणि सगळा गोतावळा कापसात.

तेव्हापासून त्या घरात गाणं असंच झालं. सशाचा रुमाल, मग थांबायचं, मग घरचं कडवं, मग शिंक. रोजचं कडवं नवं. शेवटची पाळी बाबांची. एरवी त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. माझ्यापाशी मात्र सगळे त्यांच्यासाठी थांबायचे. माझा तो जोड म्हणजे बाबांची बोलायची जागा होती.

मुलं मोठी झाली. थोरली लग्न होऊन लांब गेली, धाकटा कामाला लागला. मी खणात गेले. सोबतीला एक बंद पडलेलं घड्याळ आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. रडगाणं गात नाही, पण खणात फार कंटाळा येतो हो!

आणि चार दिवसांपूर्वी थोरली आली, आपल्या लेकीला घेऊन. घरात सगळे तिला टिल्ली म्हणतात. आजीशी तिची गट्टी झाली, मामाच्या तर ती खांद्यावरच बसली. पण आजोबांकडे, म्हणजे आपल्या बाबांकडे, काही जाईना. खणातून मला सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणायचे, "टिल्ले... तुला... खारुताई..." आणि एवढं होईस्तोवर टिल्ली खारुताई बघून परत आलेली असायची! काल बाबा आईला म्हणाले, "ती... माझ्यापाशी बसेल का गं... एकदा तरी?" आई या खेपेला खिळ्यांचं काही बोलली नाही. उद्या सकाळी तर थोरली आणि टिल्ली परत जाणार.

आज दुपारी मी दचकलेच! बाहेर माझं गाणं वाजत होतं! टिल्लीने थोरलीच्या फोनवर लावलं होतं. ससा आला, रुमाल दिला, आणि गाणं न थांबता पुढे गेलं. टिल्ली मोठ्याने गायला लागली,

मेंढीताईने दिली लोकर,
मफलर पुरला मानेला!

सगळे फोनकडे वळले.

"हे... होतं होय तिसरं कडवं?" धाकटा म्हणाला. "एवढंच?"

"आणि मफलर पुरला तर मग शिंक कशाला आली?" आई म्हणाली. "आपलंच बरोबर होतं."

"तुमचं कुठलं, आजी?" टिल्लीने विचारलं.

थोरली हसत सुटली. "थांब, ऐकवतेच. बाबा, आपली कॅसेट आहे ना?"

खण उघडला. उजेड! बाबांची बोटं! त्यांनी मला शर्टाला पुसलं आणि फळीवरच्या टेपमध्ये बसवलं. आनंद झाला, तशी भीतीही वाटली. चिकटपट्टी वाळून कडक झाली होती. मी वाजायला लागले, जरा घोगरी, पण वाजले. टिल्ली लांब दाराशी उभी. "पुढचं लावा ना," ती म्हणाली.

"हिच्यात असं एका बोटाने पुढचं लावता येत नाही," मामा म्हणाला. "बसून ऐकावं लागतं."

सशाने रुमाल दिला, आणि थोरलीचं बोट बटणावर पोचायच्या आत माझा जोड सुटला. टक्!

"तुटली?" टिल्लीचे डोळे मोठे झाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सवयीने बाबांकडे. बाबांनी ओठांवरून हात फिरवला, जणू खिळे काढून ठेवले. आणि हळू आवाजात सुरुवात केली, "नातीने... दिला..."

ते थांबले. टिल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. दारापासून खुर्चीपर्यंत आली.

"काय दिला?"

बाबा विचार करत होते.

"आजोबा, सांगा ना, काय दिला?" आता ती त्यांच्या गुडघ्याला टेकली होती.

"तेच... आठवतोय. तुझ्याकडे... काय आहे?"

टिल्लीने स्वतःकडे खाली पाहिलं. आणि किंचाळली,

नातीने दिला पायजमा,
दोन्ही पाय गळ्याला!

मी तर तुटलेली. म्हणून शिंक त्यांनाच द्यावी लागली. आँक्छी! आईसुद्धा शिंकली. टिल्ली आजोबांना घेऊन कापसात पडली, आणि मग त्यांच्या पोटावरच बसून राहिली. "अजून एक करू! आजोबा, आता तुम्ही. करा विचार, मी थांबते."

मी थांबते! ऐकलंत?

आता बशीत स्क्रू आहेत आणि बाबा माझी टोकं जुळवतायत. टिल्ली त्यांच्या मांडीवर बसून दोन्ही टोकं चिमटीत धरून आहे. "आजोबा, तिथेच जोडा हं. ते मेंढीचं नका घालू."

"आणि कात्री लांब ठेवा!" आतून आजीचा आवाज.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पडली असेल, तर हरवलेलं कडवं शोधत बसू नका. त्या जागी थोडं थांबा. घरात जो हळू बोलतो, त्याच्याकडे बघा.

चला, शेवटचा स्क्रू बसला. मला टेपमध्ये ठेवलंय. फीत ताठ झाली, चाक फिरायला लागलं. जिराफकाकांना सर्दी झालीये, ससा रुमाल घेऊन निघालाय, आणि टिल्लीचं बोट आत्तापासूनच थांबवायच्या बटणावर आहे.