पाठीवरचे तीन पट्टे

"आज किती आहेत, बाबा?" राडानाने जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून विचारलं. आजाऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात.

"आता एकही नाही. दुपारी खिडकी भरून होत्या," वेंडेलिन म्हणाला.

राडानाने आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या तिच्या आईने एकमेकींकडे पाहिलं. त्याच्या ते नजरेतून सुटलं नाही.

आठवडाभर हेच चाललं होतं. वरच्या खोलीत ऊन आलं की खिडकीवर तिळाएवढ्या पिवळ्या माश्या जमायच्या. त्याच्या बायकोला, क्वेतुशेला, गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. मुलगी कामावरून येईपर्यंत ऊन उतरलेलं असायचं आणि माश्या फटींत शिरलेल्या. मोबाइलवरच्या फोटोत नुसते ठिपके.

"धूळ आहे हो, बाबा. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. नुसतं बोलून येऊ."

'नुसतं बोलून येऊ' म्हणजे काय, ते वेंडेलिनला कळत होतं. त्याचे वडील शेवटच्या वर्षी दुलईवरून नसलेल्या मुंग्या वेचत बसायचे. जन्मभर ब्र्नो शहराच्या गर्दीतून ट्रॅम चालवलेला वेंडेलिन आता स्वतःच्याच डोळ्यांना भ्यायला लागला. काचेवरची एखादी माशी तो बोटाने दाबायचा. पण बोटाला काही लागलंय का, हे बघायचा धीर व्हायचा नाही.

शेवटी इंटरनेटवर माश्या ओळखून देणारी काही हौशी मंडळी त्याला सापडली. त्याने फोटो पाठवला. झ्दिस्लावा नावाच्या बाईंचं उत्तर आलं, 'काचेवरचा नको. बाहेर, उन्हात काढा. पाठ नीट दिसली पाहिजे.'

रविवारी दुपारी मोबाइलपुढे क्वेतुशेचं सुईत दोरा ओवायचं भिंग धरून तो अंगणातल्या भिंतीवर उन्हाला बसलेल्या माशीला जवळजवळ चिकटला.

"अरे, भिंतीचे मुके काय घेतोस? शेजारी बघताहेत!" ती स्वयंपाकघरातून ओरडली.

बरेच फोटो हलले. एक स्थिर आला.

लसणाचं सूप वाढत असतानाच उत्तर आलं. 'गवतमाशी. पिवळी, पाठीवर तीन काळे पट्टे. थंडी काढायला थव्याने घरात शिरतात. चावत नाहीत, काही नासवत नाहीत. तुमच्याकडे पुष्कळ असतील ना?'

'पुष्कळ,' एवढं लिहिलं आणि पुढची अक्षरं त्याला दिसेनात.

क्वेतुशेने चष्मा लावून ते वाचलं. दोनदा वाचलं. मग मुलीला फोन लावला. "सोमवारचं रद्द कर. अगं, खऱ्या आहेत! खऱ्या!"

फोन ठेवून तिने कठडा धरला आणि गुडघ्यांना शिव्या घालत एकेक पायरी चढू लागली. वेंडेलिन मागे हात पसरून, ती पडलीच तर म्हणून. वर गेल्यावर तिने काचेला नाक लावलं.

"तीन पट्टे म्हणाली ना ती? मला दोनच दिसतात."

"मग डॉक्टरांकडे तू जा."

तिने त्याला कोपराने ढोसलं आणि हसता हसता धापा टाकत पलंगावर बसली. तोही शेजारी टेकला. खाली सूप निवत होतं. उन्हात बसून दोघं माश्या बघत राहिली.