डॅरिलची पेटी, मिचची गाडी

शनिवारी सकाळी पावणेसातला इशपेमिंग गावात डॅरिल कांगासने गाडीच्या टपावर बसवायची आपली सामानाची पेटी दुसऱ्याच्या गाडीवर चढवून दिली. तो दुसरा म्हणजे मिच. डॅरिलची घटस्फोटित बायको नोरीन गेल्या उन्हाळ्यापासून या मिचसोबत राहते. पेटीत जाणाऱ्या स्की होत्या आयलीच्या, डॅरिल-नोरीनच्या बारा वर्षांच्या मुलीच्या.

रविवारी विस्कॉन्सिनमध्ये तिची स्कीची शर्यत होती. आजवर प्रत्येक शर्यतीला तिला डॅरिलनेच नेलं होतं. हा शनिवार-रविवार मात्र कोर्टाच्या वाटणीप्रमाणे नोरीनचा होता. तिने फोन करून पेटी मागितली. मागितलेली वस्तू नाकारायची या गावात रीत नाही. बर्फ लोटायचं यंत्र असो की शिडी, मालक ती देतो आणि जोडूनही देतो. नकार दिला असता, तर डॅरिल अजून जळतोय ही बातमी चर्चच्या तळघरातल्या जेवणाआधीच पोचली असती. तो जळत होताच. फक्त ते लोकांच्या पानात वाढायचं नव्हतं.

मिचची गाडी नवी, चंदेरी रंगाची. त्याच्या डोक्यावर हाताने विणलेली हिरवी टोपी होती. नोरीन विणायला शिकली ती नवऱ्याचं घर सोडल्यावर, हे डॅरिलला त्या टोपीवरून समजलं.

"एक टोक तू धर," डॅरिल म्हणाला. "ओढू नको, उचल. टप खरवडेल."

पेटी टपावरच्या आडव्या दांड्यांवर बसली. डॅरिलने ती हातभर पुढे सरकवली.

"आता मागचं दार उघड."

"कशाला? सामान तर भरून झालंय."

"पेटी मागे असली तर दार तिच्यावर आपटतं. आत्ता आपटलं तर आपल्या दोघांत राहील. शर्यतीच्या मैदानावर आपटलं तर पोरीला तोंड लपवावं लागेल."

मिचने गाडीखाली नुसता पाय हलवला आणि दार आपोआप वर गेलं. आपटलं नाही. डॅरिलच्या गाडीचं दार झाडूच्या दांड्याचा टेकू लावल्याशिवाय वर राहत नसे. ते नोरीन आणि आयली धरून तिथे उभ्या असलेल्या चौघांनाही ठाऊक होतं.

मग चाप. पेटीच्या तळाला चार चाप असतात. त्यांचे जबडे दांडीला विळखा घालतात आणि वरची मूठ पिळली की आवळतात. डॅरिलने पेटीत डोकं घालून तीन चाप आवळले. चौथा, डावीकडचा मागचा, त्यानेच आवळला, पण त्याला त्याची खोड माहीत होती. त्या चापाचे दात झिजले होते. दोन हिवाळ्यांपूर्वी सरोवराकाठच्या वाऱ्यात तो सुटला आणि पेटीचं शेपूट वर उठलं होतं. तेव्हापासून डॅरिल पेटीवरून एक नारिंगी पट्टा टाकून दांड्यांना घट्ट आवळत असे. तो पट्टा आत्ताही त्याच्या खांद्यावर होता.

"मिचने माझ्या स्कींना काल मेण लावलं," आयली म्हणाली. "इस्त्री फिरवून. गुळगुळीत झाल्यात, डॅड, बघ तरी."

"मी लावायचो तेव्हा काय खडबडीत असायच्या?"

"तसं नाही रे. तुझ्या इस्त्रीला शर्टाचा वास येतो."

नोरीन हसली. मिचही हसला. डॅरिलने स्की पेटीत ठेवल्या आणि झाकण लावलं.

"पट्टा टाकणार ना?" नोरीनने विचारलं.

"पट्टा?" मिच म्हणाला. "अगं, चार चाप आहेत. वरून पट्टा म्हणजे आमच्या आजोबांसारखं झालं, कमरेला बेल्टही आणि खांद्यावर गॅलिसही."

आयली फिस्सकन हसली.

डॅरिल मुलीकडे बघत राहिला. चापाबद्दल एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं की झिजलेली पेटी, झिजलेली गाडी आणि झिजलेला डॅरिल असा सगळा पंचनामा त्या हिरव्या टोपीसमोर झाला असता.

"तुझी गाडी आहे," तो म्हणाला. "तुला नको तर नको."

आता थाप उरली होती. सामान बांधून झालं की त्यावर दोनदा थाप मारायची आणि म्हणायचं, 'हे आता कुठे जात नाही.' ज्याने बांधलं त्याने म्हणायचं. आयली चार वर्षांची असल्यापासून डॅरिल तिला उचलून धरायचा, थाप तिची आणि वाक्य दोघांचं. त्याने हात वर केला. तेवढ्यात पलीकडून मिचने थाप मारली, त्याच्याबरोबर आयलीने, आणि दोघं एका सुरात म्हणाली, "हे आता कुठे जात नाही!"

डॅरिलने वर गेलेल्या हाताने टोपी सारखी केली. गाडी गेली. त्याने पट्टा गॅरेजमधल्या खिळ्याला लावला.

कॉफी ओतून तो खिडकीशी बसला. चाप बसला होता, त्याने स्वतः पिळला होता. मिचच्या दांड्या रुंद होत्या, कदाचित पकडही चांगली येईल. उठलंच शेपूट, तर मिचला भर रस्त्यात थांबावं लागेल, आयली बघेल. या विचाराने त्याला बरं वाटलं. मग अंगणातल्या झाडावरचा बर्फ वाऱ्याने एकदम खाली आला, आणि पेटी उडाली तर ती आधी कुणाच्या अंगावर जाईल हे त्याला सुचलं. मागून ट्रक येतात त्या रस्त्यावर. आणि मिच घाबरून ब्रेक दाबेल. मागच्या सीटवर आयली असेल.

त्याने नोरीनला फोन लावला. लागला नाही. त्याने निरोप ठेवला: "पट्टा द्यायचा राहिला. थांबा. मी येतोय." राहिला नव्हता, हे निरोपात नव्हतं.

खिळ्यावरचा पट्टा काढून तो गाडी घेऊन निघाला. पश्चिमेला मिशिगामीच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात तो पट्टा हातात घेऊनच धावत शिरला. गल्ल्यामागे लॉर्ना होती. ती त्याला शाळेपासून ओळखत होती.

"नोरीन येऊन गेली?"

"मघाशीच. मटण-बटाट्याच्या पॅस्टी घेतल्या. तिच्या त्या मिचसाहेबांनी पॅस्टीवर रस्सा मागितला, काय सांगू! पुलापलीकडची, दक्षिणेतली माणसं ती, आपल्यासारखी कोरडी कशी खातील."

"लॉर्ना, पेटी होती ना वर?"

"होती की. आयली तिच्यावर थापा मारत होती." लॉर्ना थांबली. "मला जरा तिरकी वाटली. पण काचेवर बर्फ होता, मी काही शपथेवर सांगत नाही. का रे, काय झालं?"

डॅरिल दारापर्यंत पोचला होता. पट्टा शेजारच्या सीटवर टाकून तो पुन्हा पश्चिमेकडे निघाला. पुढे जंगलात फोनला रेंज नसते. साडेआठ वाजले तरी त्याचा निरोप कोणी ऐकलेला नव्हता, आणि ती चंदेरी गाडी त्याला अजून दिसली नव्हती.